तळघरातलं विरजण

आमच्या सोसायटीत दोनशे चाळीस फ्लॅट आहेत आणि धर्मराज दिवसभर काय करतो हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर सेक्रेटरी. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस मी. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा समज होता. बायको, म्हणजे स्मिता, म्हणते की तो समज माझ्या चष्म्याहून जुना आहे.

धर्मराज आमच्या तळघरातला एसटीपी चालवतो. एसटीपी म्हणजे सगळ्या फ्लॅटचं सांडपाणी जिथं जमतं आणि स्वच्छ होऊन बाहेर पडतं त्या टाक्या. माणूस बेचाळीस वर्षांचा, अंगानं काटक, शर्टाच्या खिशाला कायम एक पेन आणि एक छोटी टॉर्च. गच्चीवरून पाहिलं की द्रोणागिरीच्या या नव्या इमारतींच्या मधोमध कौलांचा एक पुंजका दिसतो, ते त्याचं गाव. आमची बी विंग जिथं उभी आहे तिथं त्याच्या वडलांचं भाताचं खाचर होतं. हे तो कधी तक्रारीच्या सुरात सांगत नाही, पत्ता सांगावा तसं सांगतो. लिफ्टच्या जागी बांध होता म्हणाला एकदा, आणि मी उगीचच लिफ्टमध्ये पायाखाली पाहिलं.

आमचं त्याच्याशी नातं नोटिशीपुरतं होतं. मी नोटिशी लिहायचो, तो चिकटवायचा. त्यातली एक मी फार मन लावून लिहिली होती: ‘मासळी घेऊन लिफ्टचा वापर करू नये. जिना आहे.’ आमच्या घराण्यात चार पिढ्यांनी मासळीला हात लावलेला नाही. तो कागद चिकटवताना धर्मराजच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्याच्या डब्यात त्या दिवशी काय होतं ते मात्र सगळ्या पार्किंगला समजलं होतं.

त्याच्या गावाला एक तळं आहे. पूर्वी त्याला वरून एक ओढा मिळायचा. आमच्यासारख्या पाच-सहा सोसायट्या उभ्या राहिल्या आणि ओढा त्यांच्या पायाखाली गेला. तळं मार्चातच तळाला जायला लागलं. त्या तळ्यात गाव जिताडा पाळतं. रायगडात जिताड्याचा मान काय, हे मला इथं राहायला आल्यावर समजलं. जावयाला आणि साहेबाला घालायचा मासा तो. वैशाखात एक दिवस ठरतो, सगळं गाव एकदम तळ्यात उतरतं, आणि जे मिळेल त्याचे उंबऱ्यागणिक वाटे होतात. एक वाटा राखणदाराचा. तो काठावरच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी ठेवायचा.

तर हे तळं आटत होतं आणि आमचं स्वच्छ केलेलं जादा पाणी गटारात जात होतं. तीन वर्षांपूर्वी धर्मराजनं गावकीपुढं विषय काढला की ते पाणी तळ्यात घेऊ. गाव उखडलं. दोनशे चाळीस घरांच्या संडासाचं पाणी आमच्या जिताड्याला? शेवटी त्याची आई, सुमित्राबाई, उभी राहिली. गावात तिचा शब्द खाली पडू देत नाहीत. ती म्हणाली, माझा मुलगा पाणी बघून सोडेल आणि वाईट झालं तर मी जबाबदार. धर्मराज मनपाकडे खेटे घालून परवानगी घेऊन आला, माझ्या आधीच्या सेक्रेटरीनं सही केली, आणि पाइप पडला. त्या दिवसापासून तळं बाराही महिने भरलेलं राहिलं. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी फाइल उघडलीच नव्हती.

गेल्या वर्षी मार्चात स्वच्छ सोसायटी स्पर्धा आली. बक्षीस म्हणजे एक ढाल आणि पेपरात फोटो. मला ढाल हवी होती, खोटं कशाला बोलू. मी डोकं चालवलं. प्रत्येक घराला ॲसिडची एक आणि ब्लीचिंगच्या पाण्याची एक अशा दोन बाटल्या फुकट वाटल्या आणि नोटीस काढली की रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांनी एकदम आपापले संडास-बाथरूम धुऊन काढावेत, दोन्ही बाटल्या एकत्र न मिसळता, आधी एक आणि मग दुसरी. ही सुरक्षेची सूचना घातल्याबद्दल मी स्वतःची पाठही थोपटून घेतली. लोकांनी एवढी शिस्त आयुष्यात पहिल्यांदा दाखवली. दहाच्या ठोक्याला दोनशे चाळीस घरांतून चारशे ऐंशी बाटल्या खाली गेल्या. धर्मराज तेव्हा पेणला मेव्हण्याच्या हळदीला गेला होता, आणि आगरी हळदीला गेलेला माणूस दुसऱ्या दिवसाआधी परतत नाही.

सोमवारी सकाळी साडेनऊला दाराची बेल वाजली. धर्मराज पूर्वी कधी वर आला नव्हता. मला वाटलं सुट्टी वाढवून मागायला आला. त्याच्या कपाळाला हळद तशीच होती. तो म्हणाला, ‘‘साहेब, खाली चला.’’ कशाला, असं मी विचारलं, तर तो फक्त म्हणाला, ‘‘सगळी मेली.’’ तळघरात कुणी माणसं अडकली की काय असं वाटून मी तसाच बनियनवर निघालो.

तळघरात माणसं नव्हती. टाक्या होत्या, पंपांचा आवाज होता, आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास होता. धर्मराजनं काचेचं एक उंच भांडं टाकीत बुडवून भरलं आणि माझ्यापुढं ठेवलं. राखाडी, गढूळ, फेसाळ पाणी. रोज याच भांड्यात, तो म्हणाला, चॉकलेटी गाळ येतो, अर्ध्या तासात तळाला बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. त्या गाळाला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास असतो. तो गाळ म्हणजे घाण नाही, जीव आहेत. डोळ्याला न दिसणारे. एका थेंबात कोट्यवधी.

मी खुर्ची ओढून बसलो. पुढचं त्यानं ज्या साधेपणानं सांगितलं तसं शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी शास्त्र शाखेला गेलो असतो. आपण डाळ खातो, दूध पितो, मासा खातो. त्यातला नायट्रोजन अंगाला लागतो तेवढा लागतो आणि उरलेला लघवीवाटे बाहेर पडतो. त्याचा अमोनिया होतो. अमोनिया माशाला विष. टाकीतले काही जीव त्या अमोनियावरच जगतात. हवा दिली की तो खाऊन त्याचं नायट्रेट करतात. मग पुढच्या टाकीत, जिथं हवा देत नाहीत, तिथं दुसऱ्या जातीचे जीव बसलेले असतात, ते नायट्रेट फोडतात आणि नायट्रोजन पुन्हा वायू होऊन वर निघून जातो. सोसायटी दिवसभर खाली ओतते आणि हे दिवसभर आभाळात परत पाठवतात. पगार नाही, सुट्टी नाही. आणि मी त्यांच्या डोक्यावर चारशे ऐंशी बाटल्या ओतल्या होत्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण आपल्याकडे आहे, पण त्यात निदान कुणाचा जीव गेला नव्हता.

मी विचारलं, मग आता? तर तो भांड्याकडेच बघत म्हणाला की गावच्या तळ्याकडे पाणी सोडणारा पंप आपोआप सुरू होतो. कालपासून आज सकाळपर्यंत हे असंच पाणी तळ्यात गेलंय. आल्या आल्या त्यानं आधी व्हॉल्व्ह बंद केला होता आणि मग माझी बेल वाजवली होती. पण जे जायचं ते गेलं होतं. त्याच्या आईनं गावकीत काय शब्द दिला होता हे त्यानं मला तेव्हाच, पहिल्यांदा सांगितलं.

नालायक माणसाला निदान चालता तरी येतं. आम्ही तळ्यावर गेलो, मी शर्टाची बटणं लावत. पहिले दोन दिवस काही दिसलं नाही आणि मी सुटकेचा निःश्वास टाकायला लागलो. तिसऱ्या दिवशी पाणी हिरवं झालं. तसं हिरवं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. रंगाचा डबा सांडल्यासारखं. धर्मराज म्हणाला, शेवाळाला एवढं खत मिळालं की ते वेड्यासारखं वाढतं, दिवसा ठीक असतं, पण रात्री पाण्यातली सगळी हवा तेच घेतं. मासा पहाटे गुदमरतो. चौथ्या दिवशी उजाडताना मी स्वतः पाहिलं. तळंभर माशांची तोंडं वर. हातभर लांबीचे जिताडे पाण्याच्या वरच्या थरात तोंड घालून हवा ओढत होते, आणि आवाज येत होता, बारीक, चुटूक चुटूक असा. शेकडो तोंडांचा. मासा आवाज करतो हे मला माहीत नव्हतं.

काठावर सुमित्राबाई उभी होती. नऊवारीचा काष्टा, डोईवर पदर, हातात काही नाही. गावची आणखी माणसं मागं होती. ती सगळी सुमित्राबाई काय बोलते याची वाट बघत होती. तिनं मुलाकडे बघितलं.

‘‘धर्मा, पानी तू सोरलास?’’

माझा पंप, माझ्या बाटल्या, माझी ढाल. धर्मराज सरळ माझ्याकडे बोट दाखवू शकला असता. तो म्हणाला, ‘‘हा आये. मीच.’’

मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी पुढं झालो आणि सगळं सांगितलं, ढालीसकट. गावकऱ्यांनी माझी आई-बहीण काढली असती तर बरं वाटलं असतं. म्हातारीनं फक्त विचारलं, ‘‘आता काय करतंय तुमी?’’

मी उंटावरचा शहाणा. म्हटलं, चुना टाकू, चुन्यानं पाणी साफ होतं, आमच्या गावच्या विहिरीत टाकायचे. चुन्याची चार पोती मी सांगूनही आलो होतो. धर्मराजनं माझा हात धरला. अमोनिया असताना चुना पडला, तर विष दसपट होईल, आज मासा तोंड तरी काढतोय, उद्या पोट वर करेल. मग त्यानं काय करायचं ते सांगितलं, आणि सगळ्यांनी ऐकलं, मीही. गावातले शेतीचे जुने पंप निघाले. आमच्या सोसायटीच्या आगीसाठीच्या पाइपांना, ज्यांना हात लावायला माझी लेखी परवानगी लागते, त्यांना मी तोंडी परवानगी दिली. तळ्याचंच पाणी उचलून उंच उडवायचं आणि परत तळ्यात पाडायचं, म्हणजे पडताना ते हवा घेऊन पडतं. बी विंगची पोरं, गावातले बाप्ये, पाळीपाळीनं पाइप धरून उभे. मीही धरला. दोन तासांनी तोंडं खाली गेली.

पण हे उपास-तापास झाले. रोग तळघरात होता. सोसायटीचं पाणी रोज येतच होतं. ते टँकरनं मनपाच्या मोठ्या केंद्रात पाठवायला लागलो. धर्मराजला मी विचारलं की ते जीव बाजारात मिळतात का. पुड्या मिळतात म्हणाला, भरवशाच्या नाहीत. मग म्हणाला, ‘‘साहेब, घरचं दही संपलं तर काय करता?’’

शेजारून विरजण आणतो.

पलीकडच्या सोसायटीचा एसटीपी भाविका नावाची मुलगी चालवते, डिप्लोमा झालेली, धर्मराजला काका म्हणणारी. तिच्या टाकीत गाळ उत्तम होता. आमच्या कमिटीत मात्र भडका उडाला. दुसऱ्यांच्या संडासातला गाळ आपण मागून आणायचा? लोक काय म्हणतील? अभिराम नावाचे आमचे खजिनदार म्हणाले की आपल्या सोसायटीला काही इभ्रत आहे. मी त्यांना विचारलं, तुमच्या घरचं दही कुणाच्या विरजणाचं आहे? ते स्मिताच्या विरजणाचं होतं, हे सगळ्या सी विंगला माहीत होतं. ठराव झाला.

टँकर आला तेव्हा भाविका स्वतः सोबत आली होती. त्या मुलीनं आणि धर्मराजनं पाइपचं तोंड टाकीत सोडलं आणि चॉकलेटी, दाट पाणी आत पडायला लागलं. धर्मराजनं ओंजळीत थोडं घेऊन वास घेतला आणि मान हलवली. मग मला दिलं. मी, ज्यानं चार पिढ्यांत मासळीला हात लावला नाही, त्यानं नाक खाली नेलं. खरंच मातीचा वास होता. नांगरलेल्या, ओल्या मातीचा.

त्यानंतर तीन आठवडे मी रोज तळघरात. स्मिता म्हणाली की कचेरीत एवढे वेळेवर गेला असता तर बढती मिळाली असती. अमोनिया खाणारे हे जीव फार सावकाश वाढतात. बाकीचे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना दिवस लागतो. त्यांना घाई चालत नाही. धर्मराज त्यांना आधी अगदी थोडं सांडपाणी देई, तान्ह्याला वरण-पाणी द्यावं तसं, मग रोज थोडं जास्त. मधूनच ब्लोअरला हात लावून हवा कमी-जास्त करी. दुपारी छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब सोडी; रंग जितका गडद, अमोनिया तितका जास्त. रोज मी तो रंग बघायचो. पहिल्या आठवड्यात गडदच.

त्या दिवसांत बसल्या बसल्या तो बोलायचा. त्याच्या वडलांनी एकदा युरियाची गोणी आणली होती. एका पोत्यानं एवढं पीक, तर दोन पोत्यांनी किती, असा हिशोब करून दुप्पट टाकला. भात असं उठलं की गाव बघायला यायचं. पुरुषभर उंच, काळंभोर हिरवं. आणि मग सगळं एका वाऱ्यात आडवं झालं. पानंच पानं, दाणा नाही. बाप बांधावर बसून राहिला, म्हणजे आता तुमची लिफ्ट आहे तिथं, तो म्हणाला. खाडीचंही तेच चाललंय, साहेब. कुणी वाईट म्हणून टाकत नाही, चांगलंच म्हणून टाकतात, पण फार टाकतात. खाडीला टाकी कुठून आणायची?

मी घरी जाऊन वाचायला लागलो. आपण जो श्वास घेतो त्यात पाचातले जवळजवळ चार भाग नायट्रोजन असतो. आत घेतो, तसाच बाहेर सोडतो. आपल्याला त्याचा उपयोग करता येत नाही. झाडाला नाही, वाघाला नाही, माणसाला नाही. पृथ्वीवर जीव आले तेव्हापासून तो हवेतून उतरवून अन्नात आणायचं काम मुख्यतः असल्याच अदृश्य जीवांनी केलं, आणि तितकाच परत वर पाठवायचं कामही त्यांनीच. आवक-जावक बरोबर. मग माणसानं कारखान्यात तो हवेतून ओढून पोत्यांत भरायला सुरुवात केली. तोच शेतात, तोच माझ्या ताटातल्या भातात, तोच माझ्या हाडामांसात, तोच तळघरात. मी चौतीस वर्षं आवक-जावक नोंदवही सांभाळली. एवढी मोठी आवक-जावक आपल्या पायाखाली चालू आहे याचा मला पत्ता नव्हता. त्या रात्री मला नीट झोप आली नाही, पण ती काळजीनं नव्हे.

बाविसाव्या दिवशी नळीतलं पाणी फिकं आलं. जवळजवळ पांढरं. मी ओरडणार होतो, पण धर्मराज म्हणाला थांबा, अजून एक. त्यानं ते काचेचं भांडं भरलं आणि माझ्यापुढं ठेवलं. चॉकलेटी गाळ अर्ध्या तासात खाली बसला. वर पाणी असं की पलीकडचं घड्याळ वाचता येत होतं. मी उठायला लागलो, तर म्हणाला, बसा. तास झाला. दीड तास झाला. आणि तळाशी बसलेल्या त्या गाळातून एक बुडबुडा निघाला. मोहरीएवढाही नाही. मग दुसरा. मग गाळाचा एक तुकडाच बुडबुड्यांनी उचलला गेला आणि सावकाश वर तरंगत आला.

‘‘नायट्रोजन,’’ धर्मराज म्हणाला. ‘‘चालला.’’

कुठल्या तरी शेतातून, कुणाच्या तरी ताटातून, कुठल्या तरी फ्लॅटमधून आलेला तो बुडबुडा पाण्याच्या वर येऊन फुटला आणि जिथला होता तिथं गेला. मी सहासष्ट वर्षांचा माणूस, तळघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रडलो. धर्मराजनं न बघितल्यासारखं केलं आणि व्हॉल्व्ह उघडायला गेला.

तळ्यातले काही मासे गेले होते, चांगले शे-दीडशे. पण तळं वाचलं. ढाल दुसऱ्याच सोसायटीला मिळाली, भाविकाच्या. वैशाखात ठरलेल्या दिवशी गाव पाण्यात उतरलं. मला बोलावणं होतं. काठावर वाटे मांडले, दरवर्षीपेक्षा लहान, पण उंबऱ्यागणिक पूर्ण. शेवटी राखणदाराचा वाटा उरला. सुमित्राबाईनं तो केळीच्या पानावर घेतला, ताटात ठेवला आणि शेंदराच्या दगडाकडे न जाता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तळघरातले ते जीव काय करतात हे तिनं मुलाकडून समजून घेतलेलं होतं.

‘‘यंदा तला त्यांनी राखला,’’ ती म्हणाली. ‘‘मना गुडघं धरतान, जिना उतरवत नाय. तुमी नेताव?’’

मी ताट घेतलं. पानावर एक जिताडा होता, रुपेरी, ओला, अजून तळ्याचा वास असलेला. सोसायटीत शिरलो तेव्हा पार्किंगमध्ये अभिराम होते, वॉचमन होता, बी विंगच्या दोन बायका होत्या. सगळे माझ्या हातांकडे बघत होते. जिना डाव्या हाताला होता. मी लिफ्टचं बटण दाबलं, माझ्याच नोटिशीखाली उभा राहिलो, आणि दार उघडल्यावर ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली गेलो.